कंटेनर कधी सुटणार, हे चालकाला कोण सांगणार?

न्हावा शेवा बंदरात उतरलेला माल पुढे न्यायला नेमका कधी मोकळा होईल, हा प्रश्न वरवर पाहता आयातदारांचा, शिपिंग कंपन्यांचा आणि कस्टमच्या साहेबांचा वाटतो. आपल्या चळवळीच्या वाचकाला त्याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, देणेघेणे आहे आणि ते थेट पोटाशी आहे. कंटेनर सुटण्याचा अंदाज चुकला की आयातदाराचे पैसे जातात, हे खरे. पण ट्रेलरच्या केबिनमध्ये दोन-दोन रात्री काढणाऱ्या चालकाचा आणि कारखान्याच्या फाटकावरून 'माल आला नाही, उद्या या' म्हणून परत पाठवलेल्या ठेकेदारी कामगाराचा त्या चुकीत दिवसच्या दिवस जातो. आणि हा दिवस कोणाच्याही वहीत लिहिला जात नाही.

मुळशी तालुक्यातले कासार आंबोली घ्या. पिरंगुटच्या पुढे पौडकडे जाताना लागणारे हे गाव आज नुसते भातशेतीचे गाव राहिलेले नाही. पिरंगुट, उरवडे, भरे, कासार आंबोली या पट्ट्यात लहान-मोठे कारखाने आणि गोदामे उभी आहेत. त्यांना लागणारा परदेशी कच्चा माल, यंत्रांचे सुटे भाग न्हावा शेव्याहून द्रुतगती मार्गाने येतात, चांदणी चौकातून वळतात आणि भूगाव-भुकुमची गर्दी, पिरंगुटचा घाट पार करून कंपनीच्या दारात लागतात. अंतर काही तासांचे. पण त्या काही तासांच्या वाटेसाठी चालक घराबाहेर किती दिवस असतो, हे त्याच्या घरच्यांना विचारा.

हे घडते कसे, ते समजून घेतले पाहिजे. कारण ते न समजता आपण नुसते 'अन्याय, अन्याय' म्हणत राहिलो, तर समोरचा मालक एका वाक्यात आपल्याला गप्प करतो. "बंदराचे काम आहे, आमच्या हातात काय?"

जहाज बंदरात लागले म्हणजे माल मिळाला असे होत नाही. जहाज बाहेर नांगरून धक्का रिकामा होण्याची वाट पाहते. धक्क्याला लागल्यावर क्रेनने कंटेनर उतरतात, यार्डात थरावर थर रचले जातात. आपला कंटेनर खालच्या थरात असेल तर वरचे हलवल्याशिवाय तो निघत नाही. इकडे कागदाची वेगळीच वाट चालू असते. जहाज कंपनीने मालाची यादी कस्टमला द्यायची, आयातदाराच्या वतीने सीएचएने बिल ऑफ एंट्री भरायचे, संगणकाने ठरवायचे की हा माल तपासायचा की तसाच सोडायचा, मग शुल्क भरायचे, मग कस्टमचा आउट ऑफ चार्ज, मग जहाज कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर, मग गेट पास. काही कंटेनर थेट बंदरातून कारखान्याकडे जातात, काही आधी बंदराबाहेरच्या सीएफएसमध्ये जातात आणि तिथून सुटतात. या साखळीतली शेवटची कडी ज्या क्षणी पूर्ण होते, त्या क्षणी कंटेनर 'सुटला'. नऊ कड्या वेळेवर झाल्या आणि दहावी अडली, तर नऊंना काही अर्थ उरत नाही.

आता गंमत पाहा. यातली प्रत्येक कडी कोणा ना कोणाला माहीत असते. कंटेनर उतरला की नाही, हे टर्मिनलला माहीत. तपासणी लागली की नाही, हे कस्टमला माहीत. डिलिव्हरी ऑर्डर का अडली, हे जहाज कंपनीला माहीत. शुल्क भरायला आयातदाराकडे आज पैसे आहेत की सोमवारपर्यंत थांबायचे, हे सीएचएला माहीत. सगळे मिळून ज्याच्या जिवावर चालते त्या चालकाला मात्र एवढेच सांगितले जाते: "उद्या सुटेल, गाडी लाव." हा अंदाज नव्हे. हा हुकूम आहे.

अंदाज बांधता येत नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. जुलै २०१६ पासून न्हावा शेव्यात कंटेनरला आरएफआयडीची चकती लावली जाते. बंदराच्या फाटकावर, सीएफएसमध्ये, टोलनाक्यांवर ती वाचली जाते आणि कंटेनर कुठे आहे हे क्रमांक टाकून पाहता येते. सरकारी जोडीला जपानी कंपनी घेऊन ही लॉजिस्टिक्स डेटा बँक उभी राहिली. कोणत्या टर्मिनलवर, कोणत्या वाटेने जाणाऱ्या कंटेनरला सुटायला किती वेळ लागतो, याची वर्षानुवर्षांची नोंद तिथे साचलेली आहे. कस्टम कायद्यातही २०२१ साली बदल झाला. पूर्वी जहाज आल्यानंतरच्या दिवशीपर्यंत बिल ऑफ एंट्री भरले तरी चालत असे. आता सर्वसाधारण नियम असा की, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते भरायचे. म्हणजे माल समुद्रात असतानाच कागद पुढे सरकू लागतो. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस बंदराने २०२० सालीच 'सिग्नल' नावाची सोय सुरू केली आणि पुढच्या तीन आठवड्यांत किती माल येणार, हे सर्वांसाठी खुले केले. तेव्हा यंत्र आहे, नोंदी आहेत, कायद्याने मागितलेली आगाऊ माहिती आहे.

अंदाज चुकतो, हेही खरे. पावसाळ्यात समुद्र खवळला, चार जहाजे एकदम आली, एखाद्या कंटेनरला अचानक तपासणी लागली, तर गणित बिघडते. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या संगणक-हल्ल्याने न्हावा शेव्यातले एपीएम कंपनीचे टर्मिनल ठप्प केले, तेव्हा कोणता कंटेनर कुठे आहे हे हाताने शोधायची वेळ आली. असा दिवस कोणत्याही गणितात बसत नाही. म्हणून प्रामाणिक अंदाज 'उद्या अकरा वाजता' असा नसतोच. 'उद्या दुपारपासून परवा सकाळपर्यंत, आणि तपासणी लागली तर आणखी दोन दिवस' असा तो असतो. तो बदलला की लगेच कळवायचा असतो. हवामान खाते पावसाबद्दल सांगते त्याच पद्धतीने. चालकाला एवढे सांगितले तर तो घरी एक रात्र झोपून निघेल. मुलीच्या शाळेत जाऊन येईल. पण त्याला सांगायचे कोणी, आणि का सांगायचे?

हा 'का' महत्त्वाचा आहे. चालकाला बहुतेक ठिकाणी फेरीवर पैसे मिळतात. फेरी झाली तर भत्ता, नाही झाली तर नाही. तो बंदराबाहेर पार्किंगमध्ये चार तास थांबला काय आणि चाळीस तास थांबला काय, ट्रान्सपोर्टवाल्याला त्याच्या माणसापोटी जादा पैसा द्यावा लागत नाही. मग तो काय करणार? कंटेनर सुटण्याच्या आधीच गाडी पाठवून ठेवणार, म्हणजे सुटल्याबरोबर उचलता येईल. चालकाचा वेळ त्याच्यासाठी फुकटचा आहे. आणि जी वस्तू फुकट मिळते ती जपून वापरायचे गणित कोणी मांडत नाही. यंत्रे, चकत्या, संकेतस्थळे कितीही आली तरी चालकाच्या थांबण्याला किंमत लागत नाही तोवर कंटेनर सुटण्याचा अंदाज फाटकाबाहेर पोचणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. (एकच गाडी असलेला, स्वतःच ती चालवणारा मालक हाही या चक्कीत भरडला जातो. त्याच्यावर आमचा रोख नाही.)

मालाच्या बाबतीत मात्र हेच जग किती काटेकोर आहे ते पाहा. कंटेनर ठराविक मोफत दिवसांपेक्षा जास्त बंदरात राहिला की बंदराचे डेमरेज चालू. रिकामा डबा वेळेत परत दिला नाही की जहाज कंपनीचे डिटेन्शन चालू. लोखंडाच्या डब्याचा प्रत्येक दिवस मोजला जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नौवहन महासंचालनालयाने २९ मार्चला आदेश काढून २२ मार्च ते १४ एप्रिल या काळातले डिटेन्शन आयात-निर्यात मालावर लावू नका, असे जहाज कंपन्यांना सांगितले. योग्यच केले. पण त्या आदेशाचा विषय डब्याचा खोळंबा होता. त्याच दिवसांत महामार्गांवर, बंद ढाब्यांसमोर गाड्या लावून बसलेल्या माणसांचा खोळंबा हा त्याचा विषय नव्हता.

हा प्रश्न आजचा नाही. यंत्राच्या आधीच्या गोदीत तो अधिक उघडा होता. जहाज कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून गोदी कामगार कायमचा ठेवायचा नाही, आले जहाज की टोळीवाल्याने माणसे उचलायची, गेले जहाज की सोडून द्यायचे, अशी मुंबई बंदराची रीत होती. टोळीवाल्याची मर्जी म्हणजे चूल पेटणे. आपल्या समाजातले किती आजे-पणजे या गोदीत राबले, हे मुंबईच्या चाळींत वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. व्हिटली आयोगाने १९३१ सालीच ही बेभरवशाची पद्धत मोडायला सांगितले होते. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यांच्या काळात १९४४ साली रेगे समिती नेमली गेली, तिने देशभरच्या कामगारांची स्थिती तपासली. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ सालची. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा आला तो मार्च १९४८ मध्ये. त्या वेळी मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते आणि बाबासाहेब कायदामंत्री होते. उगाच सगळे श्रेय एका नावावर लिहायची आम्हाला सवय नाही, बाबासाहेबांना ते आवडलेही नसते. पण कामगाराचा वेळ मोजलाच पाहिजे, या मजूर खात्यातल्या त्यांच्या धोरणाच्या वाटेवरचाच हा कायदा आहे, यात शंका नाही.

त्या कायद्याखाली मुंबईत गोदी कामगार मंडळ आले आणि त्याने काय केले? जहाजाचा अंदाज त्यालाही बांधता येत नव्हता. त्याने एवढेच केले की, नोंदणी झालेला कामगार हजर राहिला आणि काम नसले तरी त्याला हजेरीचा पैसा मिळेल, महिन्यात किमान काही दिवसांच्या मजुरीची हमी राहील. बेभरवशाचा भार कामगाराच्या पाठीवरून उचलून बंदराच्या धंद्यावर टाकला. धंद्याला तो पेलवला. पुढे कंटेनर आले, माणसे कमी झाली, १९९७ च्या कायद्याने मोठी बंदरे त्यातून वगळायची सोय झाली आणि मुंबईचे मंडळ १९९८ साली पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले ते या नव्या युगातच. त्या परिसरात नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले शेतकरी जानेवारी १९८४ मध्ये गोळ्यांना सामोरे गेले, पाच जण हुतात्मा झाले. धरणासाठी जमिनी गेल्यावर १९२१ साली सत्याग्रह करणाऱ्या मुळशीकरांना ते दुःख समजावून सांगावे लागणार नाही. २०२४-२५ या वर्षात याच बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी डब्यांच्या मापाने एवढे कंटेनर हाताळले. टोळीवाला गेला. त्याची जागा मोबाइलवर 'गाडी लाव' सांगणाऱ्या आवाजाने घेतली.

आता कायद्याचे बोलू, कारण वकिलीच्या धंद्यात आम्ही पंधरा मिनिटांची जी मेख पाहिली ती फार थोड्यांना ठाऊक आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थेला लागू. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्यासाठी काही सवलत. वाचायला चांगला. पण 'कामाचे तास' म्हणजे काय, याची व्याख्या पाहा. गाडी चालू असतानाचा वेळ, तिच्या अनुषंगाने करायच्या जोडकामाचा वेळ आणि टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ. म्हणजे चौदा मिनिटे थांबलात तर ते काम, आणि चौदा तास थांबलात तर ते काम नाही! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी स्थानकावर उभी राहणारी बस असावी. बंदराबाहेरच्या रांगेत दोन दिवस उभा असलेला ट्रेलर त्यांनी पाहिला नव्हता. तो कायदा आता सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेत विलीन झाला, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि पंधरा मिनिटांची ती मोजपट्टी नव्या संहितेतही तशीच उचलून ठेवली आहे. साठ वर्षांत बंदर बदलले, डबा बदलला, व्याख्या बदलली नाही. कामगार कायदे 'आधुनिक' केले म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

तरीही आमच्या मते या व्याख्येत लढायला जागा आहे. रांगेत गाडी पुढे सरकवणे, फाटकावर कागद दाखवणे, सील तपासून घेणे, डिझेल आणि टायर चोरीला जाऊ नये म्हणून रात्रभर गाडी राखणे, हे 'नुसते हजर राहणे' कसे? हे जोडकाम आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि तो केला पाहिजे. कॅलिफोर्नियात नगावर किंवा फेरीवर मजुरी मिळणाऱ्या कामगाराला रिकाम्या थांबण्याचा वेगळा मोबदला द्यावा, असा कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिथल्या बंदर-चालकांनाही 'तू कामगार नाहीस, स्वतंत्र धंदेवाला आहेस' असे सांगून कायद्याबाहेर ठेवायची युक्ती मालकांनी वापरलीच. मालक सगळीकडे मालकच असतो! पण निदान थांबणे म्हणजे वेळ आहे, हे तिथे कागदावर आले.

कासार आंबोलीच्या फाटकाच्या आतली बाजूही तशीच आहे. कंटेनर मंगळवारी येणार म्हणून ठेकेदाराने माणसे बोलावलेली असतात. तो येतो गुरुवारी रात्री. मंगळवार, बुधवार माणसे फाटकावरून परत जातात, आणि गुरुवारी रात्री 'गाडी खाली करायची आहे' म्हणून झोपेतून उठवली जातात. कच्चा माल संपून यंत्र थांबले तर कायम कामगाराला ले-ऑफची निम्मी भरपाई मागता येते, तीही पन्नास कामगार आणि एक वर्षाची सलग नोकरी या अटींवर. ठेकेदाराच्या माणसाचे नाव धड हजेरीपटावर नसते, त्याला कसली भरपाई? माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याने मिळालेला हा कायदा देशात नाव घ्यावे असा आहे. पण नोंदणीच नसेल तर कायदा कपाटातच राहतो. या पट्ट्यातल्या किती गोदामांत डबे खाली करणारे हात माथाडी मंडळाच्या नोंदीत आहेत, हे आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन पाहावे.

जानेवारी २०२४ मध्ये अपघाताच्या नव्या शिक्षेविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दिल्लीला चर्चेला बसावे लागले. जे कलम त्यांना नको होते ते १ जुलै २०२४ ला बाकी कायद्याबरोबर लागू झाले नाही. चालक थांबला की देश थांबतो, हे तेव्हा सर्वांना दिसले. एरवी तोच चालक दररोज थांबवला जातो, तेव्हा कोणाला दिसत नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. कंटेनर सुटण्याचा जो अंदाज आयातदाराला आणि सीएचएला कळतो, तो त्याच वेळी, मराठीत किंवा हिंदीत, गाडीवर नेमलेल्या चालकाच्या मोबाइलवर गेला पाहिजे. बदलला तर बदल गेला पाहिजे. सांगितलेल्या वेळेनंतर चालक जितके तास थांबेल तितक्या तासांचा दर ट्रान्सपोर्टच्या करारात लिहिलेला हवा आणि तो चालकाच्या हातात पडला पाहिजे. आज हॉल्टिंगच्या नावाने बिलात रक्कम लागते, पण ती बऱ्याचदा गाडीच्या मालकापाशी संपते. पंधरा मिनिटांची व्याख्या बदलण्यासाठी आपल्या खासदारांनी संसदेत दुरुस्ती मागावी. ज्यांना आपण मते देतो त्यांना हे विचारायला संकोच कसला?

दुरुस्ती होईपर्यंत हातात काय आहे, तेही सांगतो. ज्या यंत्राने डब्याचा माग ठेवला, त्याच यंत्राने नकळत चालकाचाही माग ठेवला आहे. पार्किंगच्या आत गेल्याची वेळ, बंदराच्या फाटकाची पावती, टोलनाक्यावर फास्टॅग कापल्याची वेळ, कंपनीच्या फाटकावरची नोंद, 'गाडी लाव' म्हणून आलेला मेसेज. हे सगळे पुरावे आहेत. वेतन संहिता, २०१९ च्या कलम ४५ खाली थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि कलम ५९ प्रमाणे वेतन दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. मोबाइलमधली नोंद पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते अवघड नाही, पण विसरले तर सगळे वाया जाते. म्हणून मेसेज पुसू नका, मोबाइल बदलला तरी जुना विकू नका. गेट पासची पावती खिशात घामाने विरून जाते, तिचा त्याच दिवशी फोटो काढा आणि मागे तारीख लिहून घरी एका पिशवीत ठेवा. पिरंगुट, उरवडे, कासार आंबोलीत जिथे जिथे आपले विहार आहे, तिथे रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास चालकांच्या आणि हमालांच्या पावत्या एका वहीत उतरवून घ्यायला बसा. गाडीचा क्रमांक, कंटेनरचा क्रमांक, निघ म्हणून सांगितल्याची वेळ, डबा हातात आल्याची वेळ, खाली झाल्याची वेळ. वहीला एवढे पाच रकाने पुरतात.